आवक क्रमांक चारशे तेरा

"कोनं पुसला? माहा लाल कोनं पुसला?"

शालिकराव ओरडत होते. शालिकराव ओरडले की आमच्या यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या एमआयडीसीत काय होत असे, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. शेजारच्या दालमिलमधल्या तुरीची सालं मशीनला लागायच्या आधीच सुटत. रस्त्यापलीकडचा चहावाला दुधाकडे न बघताच गॅस कमी करी, कारण दूध घाबरून उतू जायचं. आणि हे मी वाढवून सांगत नाही; उलट चहावाल्याने सांगितलं त्यातलं अर्धं गाळून सांगतोय.

"काल संध्याकाळी पाहून गेलतो मी. पहिल्याच ओळीत होता, लालेलाल! कुठं गेला?"

"काका, हळू बोला ना," आमचे इंजिनिअर कौस्तुभ सर म्हणाले. सर पुण्याचे. त्यांना हळू बोलण्याची सवय होती, आम्हाला ते ऐकू येण्याची नव्हती. "अर्ध्या तासात नागपूरच्या मॅडम तपासणीला पोचतायत. मीच क्लिअर केला."

"क्लिअर म्हंजे?"

"डिलीट. सगळे अलार्म सिलेक्ट केले आणि लिस्टमधून काढले."

"आन् डिस्क?"

"डिस्क आहे तशीच आहे."

शालिकरावांनी दोन्ही हात कपाळाला लावले. "म्हंजे मुडदा घरातच, आन् रडनाऱ्या बाईले तुनं घराबाहेर काढली!"

आता हा मुडदा कोण आणि रडणारी बाई कोण, ते सांगायला हवं.

आमचं काम शाळांची जुनी दाखलखारीज रजिस्टरं स्कॅन करायचं. मी स्कॅनवर. एकेका पानावर कुणाचा तरी आजा पहिलीत दाखल झालेला असे, जातीसकट, जन्मतारखेसकट. आज नातीला जातपडताळणीसाठी तेच पान लागतं. केळापूरकडच्या एका शाळेच्या रजिस्टरांची तर फक्त पुठ्ठ्याची कव्हरं उरली होती. आतलं सगळं वाळवी शिकून मोकळी झाली होती. पण पानं वाळवीच्या आधी आम्ही स्कॅन करून उचलली होती आणि ती एका लोखंडी पेटीत सुखरूप होती. पेटी फ्रिजएवढी, आत बारा डिस्क, इंजिनिअर लोक तिला स्टोरेज म्हणत. दुसरी प्रत नागपूरला ठेवायची, असा प्रस्ताव होता आणि तो विचाराधीन होता. आमच्याकडे विचाराधीन प्रस्तावाला वाळवीही तोंड लावत नाही, तिलाही कंटाळा येतो.

शालिकराव नोकरीला लागले त्या दिवशी कौस्तुभ सरांनी त्यांना सांगितलं, "काका, या पेटीत डेटा आहे." शालिकरावांनी पेटीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "डेटा म्हंजे?" सर पंधरा मिनिटं बोलले. शेवटी शालिकराव माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हंजे लोकायचे आजे आत बसले हायेत." आणि चपला दाराबाहेर काढून आले. त्या दिवसापासून त्या खोलीत कुणी चपला घालून गेलं नाही. कौस्तुभ सरही नाही. त्यांचे मोजे आम्ही सगळ्यांनी पाठ केले होते.

या पेटीला काही दुखलं-खुपलं की संगणकावरच्या एका सॉफ्टवेअरमध्ये ओळ उमटे. किती वाजता, पेटीत कुठे, काय झालं. ओळीसमोर दोन बटणं. एक 'पाहिलं' असं सांगण्याचं, दुसरं पुसून टाकण्याचं. शालिकरावांचं काम त्या ओळी वाचण्याचं. हुद्दा मोठा लांबलचक होता, शेवटी कंसात 'कंत्राटी', आणि मुदत दर वर्षी मिळेल तेवढी.

ओळींचे रंग तीन. शालिकरावांनी त्यांची नाती लावून टाकली होती. "लाल म्हंजे जावई. आल्याबरोबर हातातलं टाकून उठाचं. पिवळा म्हंजे सोयरा. बसवा, पानी द्या, पन डोळा ठेवा. निळा म्हंजे गावातला रिकामटेकडा. त्याचं काईच काम नसते. पन त्याचंही आयका, गावातली आग पहिले त्यालेच दिसते."

आग या विषयात शालिकराव मोठे अधिकारी होते. त्यांनी हयात दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये काढली आणि तिथलं त्यांचं काम म्हणजे कापसाच्या गंजीजवळ बसून वास घेणं. पुसदला कुणी बिडी पेटवली तर दिग्रसला हे नाक वर करून सांगत, "दुसरी काडी लागली त्याले." कापसाची एक रीत आहे. त्याच्यात ठिणगी पडली की तो आतून जळत जातो, वरून पांढराशुभ्र. धूर दिसतो तेव्हा सांगण्यासारखं काही उरलेलं नसतं. म्हणून शालिकराव गंजीत कोपरापर्यंत हात घालून बघत. तीच सवय ते पेटीपाशी घेऊन आले. ओळ लाल असो की निळी, ते उठून जात, तळहात पेटीवर टेकवत, डोळे मिटत आणि तापलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवत. मग परत येऊन म्हणत, "बराबर म्हनते ते," किंवा, "उगाच बोंबलते."

आणि मग ते रजिस्टर काढत.

ते 'पाहिलं'चं, म्हणजे पोच देण्याचं बटण त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हतं. "कचेरीत अर्ज देला की पोच भेटते. पोच भेटली म्हंजे काम झालं काय बे? उलट काम होनार नाई हे समजते." म्हणून त्यांनी लाल कापडी पाठीचं एक मोठं आवक-जावक रजिस्टर आणलं. अलार्म आला की त्याला आवक क्रमांक. मग तारीख, वेळ, ठिकाण, मजकूर, कारण. कारण दूर झालं, हात लावून खात्री झाली, की जावक. त्याआधी नाही. मजकूर इंग्रजी असे. इंग्रजी त्यांना वाचता येई, फक्त ते समजून घेण्याची त्यांना घाई नव्हती. ते अक्षरन् अक्षर उतरवून काढत, आकडे, कंस, स्वल्पविराम, सगळं. कौस्तुभ सर हसत. म्हणत, "काका, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये राहतंच की." शालिकराव म्हणत, "कंपूटर तुह्या हातात हाय. रजिस्टर माह्या."

एका उन्हाळ्यात तीन दिवस पिवळी ओळ येत होती, खोलीत उष्णता जास्त. आमच्याकडचा उन्हाळा असा की भिंतीवरची पाल सावली बघून धावते. सर म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये उष्णतेची मर्यादा थोडी वाढवून ठेवतो, म्हणजे ओळ येणार नाही. शालिकरावांनी हात जोडले. "सर, लेकराले ताप आला तर तुमी थर्मामीटर मोठं आनता काय?" ते पेटीला हात लावून आले, मग एसीला, मग भिंतीला हात लावत लावत मागच्या अंगणात गेले. तिथे एसीचा बाहेरचा पंखा होता. त्याच्या जाळीवर पांढरंशुभ्र लुगडं बांधलेलं आणि लुगड्यावर ओळीने कुरडया वाळत घातलेल्या. झाडझूड करणाऱ्या निर्मलाबाईंनी शोध लावला होता की इथली गरम हवा उन्हापेक्षा दुप्पट वेगाने कुरडया वाळवते.

"माय वं, निर्मला!" शालिकराव ओरडले. दालमिल बंद पडली. "आज्यायले उकडून राह्यलं न् तू कुरडया करून राह्यली!"

"मंग आजे काय वापस येऊन खानार हाय?" निर्मलाबाई म्हणाल्या. त्या शालिकरावांना भीत नसत. डाव्या कानाने त्यांना कमी ऐकू येई आणि भांडताना त्या नेमका तोच कान पुढे करत.

रजिस्टरातली ती नोंद मी स्वतः पाहिली आहे. आवक एकशे अठ्ठ्याऐंशी. मजकूर: इंग्रजीत दीड ओळ. कारण: कुरडया. जावक: तळून खाल्ल्या.

बाहेरच्या जगातही त्यांचं असंच. पुतण्याचं वऱ्हाड घेऊन निघाले होते. भाड्याच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसले आणि त्यांना दिसलं की ड्रायव्हरपुढच्या मीटरच्या काचेतल्या एका दिव्यावर कुणीतरी बाईची मोठी टिकली चिकटवली आहे. त्यांनी नखाने काढली. खाली लाल दिवा पेटलेला. ड्रायव्हर म्हणाला, "काका, थो नेहमीच लागते. डोळ्यात जाते म्हनून टिकली लावली." शालिकरावांनी भर रस्त्यात गाडी थांबवली, उतरले, आणि बॉनेटवर तळहात ठेवून समोर उभे राहिले. चाळीस माणसांचं वऱ्हाड, नवरदेवासकट, ओरडत होतं आणि हे एकटे त्या चाळिसांवर भारी पडत होते. शेवटी बॉनेट उघडलं तर इंजिनात तेलाचा थेंब नाही. तेल येईपर्यंत लग्नाची वेळ टळली. मुलीकडचे आजही त्यांच्याशी बोलत नाहीत. शालिकराव म्हणत, "टिकली लावून दिवा विझते काय? बाईच्या कपाळाची गोष्ट येगळी, गाडीची येगळी."

तर असा हा माणूस, आणि कौस्तुभ सरांनी त्याच्या पेटीच्या कपाळाला टिकली लावली होती.

झालं असं होतं. तीन दिवसांपूर्वी बारातली एक डिस्क मेली. लाल ओळ आली. शालिकरावांनी हात लावला, म्हणाले, "गार झाली," आणि आवक चारशे अकरा टाकली. पेटी बनवणाऱ्या कंपनीला कळवलं की नवी डिस्क मिळते, पण सर म्हणाले, तक्रार नोंदवली की ती अहवालात दिसते, आणि अहवाल मॅडमच्या हातात जातो, तर तक्रार तपासणीनंतर करू. मग तपासणीच्या आदल्या दुपारी दुसऱ्या डिस्कची पिवळी ओळ आली. आवक चारशे बारा. आणि तपासणीच्या सकाळी सरांनी लाल-पिवळं सगळं एका झटक्यात पुसलं. सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर फक्त न मिटलेल्या अलार्मचा आकडा दिसतो. तिथे आता शून्य होतं, आणि शून्याभोवती हिरवागार रंग.

"काका, आजचा एक दिवस," सर म्हणाले. त्यांचाही चेहरा उतरला होता, माणूस वाईट नव्हता. "तुमच्या मुदतवाढीचा कागद मॅडमच्या बॅगेत आहे. सहीसाठी. मी स्वतः शिफारस केलीय. आज सगळं हिरवं दिसू द्या, सही झाली की आपण दुपारी तक्रार करू. प्लीज."

"आन् दुपारपावतर दुसरी गेली तं?"

"नाही जाणार."

"हात लावून पाह्यला?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला.

मॅडम शांत बाई होत्या. दारात चपला काढायच्या म्हटल्यावर त्यांनी न विचारता काढल्या, तेव्हाच मला थोडी आशा वाटली. सरांनी पडदा दाखवला. हिरवं शून्य. मॅडम म्हणाल्या, "छान." पर्स उघडली, पेन काढलं. मागे शालिकराव रजिस्टर छातीशी धरून उभे. मी बघत होतो. त्यांनी रजिस्टर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, उघडलं, एक ओळ लिहिली, पेनाला टोपण लावलं आणि पुढे आले.

आणि मंडळी, काय सांगू, त्या दिवशी तो आवाज निघालाच नाही. दालमिल बंद पाडणारा तो आवाज मांजरीच्या पिल्लाएवढा झाला होता.

"मॅडम, हे हिरवं वरवरचं हाय."

मॅडमनी पेन थांबवलं. "म्हणजे?"

"बारा जनं मिळून भंडाऱ्याच्या पंगतीतला वरनाचा गंज, हे एवढं मोठं भांडं, उचलून राह्यले, असं समजा. एकानं हात सोडला तरी अकरा जनं धरते. दुसऱ्यानं सोडला का वरन जमिनीवर. एक तीन दिवस झाले मेला. दुसऱ्याचा हात कालपासून थरथरून राह्यला. वरन म्हंजे हे सगळे आजे. याची दुसरी परत नाई कुठंच."

"मग स्क्रीनवर का नाही दिसत?"

शालिकरावांनी सरांकडे पाहिलं नाही. पेटीकडे पाहत म्हणाले, "पुसल्या गेलं."

पुसल्या गेलं. कुणी पुसलं ते नाही. कौस्तुभ सरांनी स्वतःच मान खाली घातली आणि म्हणाले, "मी पुसलं, मॅडम." त्या मिनिटात तो पोरगा पुण्याहून यवतमाळला खऱ्या अर्थाने पोचला.

मॅडम रागावल्या की नाही ते कळायला मार्ग नव्हता. पेन पर्समध्ये परत गेलं एवढं आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्या म्हणाल्या, "कंपनीला फोन लावा. स्पीकरवर."

कंपनीचा नागपूरचा माणूस गोड बोलला. त्याच्या पडद्यावर आमची पेटी ठणठणीत होती. "सर, अलार्मच नाही तर पार्ट कसा पाठवू? अलार्मचा मजकूर, कोड, वेळ, डिस्कचा नंबर, यातलं काहीतरी द्या." सरांनी सॉफ्टवेअर उलटंपालटं केलं. पुसलेलं पुसलेलं होतं. ते इतक्या मन लावून पुसलं होतं की जुनी यादीसुद्धा गेली होती.

तेव्हा शालिकरावांनी रजिस्टर उघडलं आणि आवाज परत आला.

"लिहून घे बे भाऊ! आवक चारशे अकरा! डी, दिग्रसचा डी! वाय, यवतमाळचा वाय! आडवी रेघ! पी, पांढरकवड्याचा पी! शून्य, शून्य, सात! के, केळापूरचा के!"

"सर, फोन थोडा लांब धरा."

"लांबच हाय!"

निम्मा जिल्हा त्या दिवशी फोनवरून नागपूरला गेला. कंपनीच्या माणसाने अक्षरन् अक्षर जुळवून पाहिलं आणि म्हणाला, "बरोबर आहे, पण हे हाताने लिहिलेलं आम्ही पुरावा म्हणून कसं धरायचं?" मॅडमनी रजिस्टर ओढलं. त्या पानाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. मग खाली सही केली, शिक्का मारला, मोबाईलने फोटो काढून पाठवला आणि फोनमध्ये म्हणाल्या, "आता?"

आता दोन डिस्क मंजूर झाल्या. कुरिअरने दोन दिवस लागतील म्हणाले. शालिकराव म्हणाले, "दोन दिवस? मी जाऊन आनतो," आणि असलेल्या कपड्यांवर बसस्टँडकडे निघाले. वाटेत भाड्याच्या खोलीवरून बायकोने शिवलेली गोधडी घेतली.

नागपूरहून परतीच्या बसची हकिगत त्यांनी मला सांगितली, त्यातलं खरं किती ते तुम्ही ठरवा. मांडीवर गोधडी, गोधडीत दोन डिस्क. कंडक्टरने विचारलं, "काय हाय?" हे म्हणाले, "लोकायचे आजे ठेवाचे हाय याच्यात." कंडक्टरने तिकीट न फाडता हात जोडले. वर्ध्यापर्यंत मागच्या सीटपर्यंत बातमी गेली की काका अस्थी घेऊन चालले. शेजारचा माणूस सरकून बसला. एका म्हातारीने गोधडीवर झेंडूचं फूल ठेवलं. कळंबला कुणीतरी विचारलं, "कितव्या वर्षी गेले?" हे म्हणाले, "गेले नाई. जाऊ नाई देल्ले."

झेंडूच्या पाकळीसकट डिस्क पेटीत बसली. म्हणजे पाकळी सरांनी काढली, पण आधी त्यांनी विचारलं, "काका, काढू ना?" मेलेल्या डिस्कचं सगळं नव्या डिस्कवर उतरून यायला सकाळची संध्याकाळ झाली. पडद्यावर आकडा मुंगीसारखा चढत होता. त्या सगळ्या वेळात शालिकराव खुर्ची टाकून पेटीला हात लावून बसले. थरथरणाऱ्या दुसऱ्या डिस्कला मधूनमधून सांगत, "धरून ठेव बाप्पा. थोडं राह्यलं. उद्या तुले सुट्टीच हाय." तिने धरून ठेवलं. शंभर आकडा आल्यावर पेटीने हुश्श केलं, असं निर्मलाबाई सांगतात, आणि त्यांना तर डाव्या कानाने कमी ऐकू येतं. दुसऱ्या दिवशी तिलाही बदललं. मग शालिकरावांनी चारशे अकरा आणि चारशे बाराच्या जावक टाकल्या.

मॅडमनी नागपूरला जाऊन चांगलंच लिहिलं. कौतुकाचं पत्र आलं, दुसऱ्या प्रतीचा प्रस्ताव विचारातून उठून चालायला लागला. मुदतवाढीचा कागद मात्र एका बॅगेतून दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या टेबलावरून तिसऱ्या फायलीत, आणि तिथे कुणाला तरी शालिकरावांचं वय दिसलं. मॅडमनी दोनदा फोन केला म्हणतात. महिनाअखेर मुदत संपली ती संपलीच. शेवटच्या दिवशी त्यांनी पेटीला हात लावला, रजिस्टर माझ्या टेबलावर ठेवलं, दाराबाहेर चपला घातल्या आणि दिग्रसच्या बसला लागले. मागच्या खिडकीतून त्यांनी हात केला तो आम्हाला नाही. आमच्या मागच्या खोलीकडे केला.

आता रजिस्टर कौस्तुभ सर लिहितात. अलार्म आला की आधी मोजे सावरून आत जातात, हात लावतात, मग क्रमांक टाकतात. एकदा सहज पानं उलटताना मी त्या तपासणीच्या सकाळचं पान पाहिलं, मॅडमची सही आणि शिक्का असलेलं. चारशे बाराच्या खाली एक ओळ होती. आवक चारशे तेरा. वेळ: मॅडम आल्या ती. ठिकाण: सोता. मजकूर: भेव. कारण: नोकरी. जावकेचा रकाना कोरा.

पोळ्याच्या आधी मी दिग्रसला गेलो. शालिकराव ओसरीवर बसून बैलाच्या झुलीला गोंडे शिवत होते. बैल शेजाऱ्याचा, झूल ह्यांनी मागून आणलेली. चहा झाला, सगळ्यांची चौकशी झाली, निर्मलाबाईंच्या कुरडयांचीही. मग मी रजिस्टर पिशवीतून काढलं.

"काका, तुमची एक जावक राह्यली."

"कोनती?"

"चारशे तेरा. आता त्याले काय झालं, सगळे आजे सुखरूप आहेत. टाकून देऊ काय जावक?"

त्यांनी दातांनी दोरा तोडला.

"राहू दे. खरा अलार्म होता थो."